तुपावरचे दिवस

पुण्यातल्या डॉक्टरीणबाई समोरच्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुमच्या किडन्या उत्तम आहेत. रक्तगट जुळतोय, बाकीचंही जुळतंय. पण वजन उतरवावं लागेल. एवढ्या वजनावर मी तुम्हाला ऑपरेशनला घेणार नाही."

किती उतरवायचं, तेही त्यांनी सांगितलं. आकडा ऐकून मला आमच्या दारात बांधलेलं करडू आठवलं. साधारण तेवढंच भरलं असतं ते. म्हणजे एक अख्खं करडू मला अंगावरून उतरवून ठेवायचं होतं, आणि तेही लवकर, कारण माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि त्याला द्यायला माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं. आईला साखरेचा आजार. भावजयीचा रक्तगट जुळेना. मी जुळले, तर माझं पोट आडवं आलं.

मला भयंकर राग आला. नेमका कोणाचा ते कळेना, म्हणून जास्तच आला. बाहेर आल्यावर मी नवऱ्यावर खेकसले, की गाडी एवढ्या लांब कशाला लावली. तो बिचारा मुकाट गाडी आणायला गेला. तो तसाही कमीच बोलतो.

आम्ही खुटबावचे. घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे, ते मी चालवते. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात, मी नमुना मशीनला लावते, फॅट किती लागली ते सांगते आणि दूध कॅनमध्ये ओतून घेते. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत, सासूबाई आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत. माझं माहेर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याकडे. भाऊ टेम्पोवर कांदा वाहायचा. पाय सुजायला लागले तेव्हा त्याला वाटलं, बसून बसून सुजत असतील. त्यानं चप्पल एक नंबर मोठी घेतली आणि गाडी चालवत राहिला. खरं काय ते कळलं तोवर फार उशीर झाला होता. मग शिरूरला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

वजन उतरवायचं म्हणून मी आधी चालून पाहिलं. पहाटेचं दूध घेतलं की कॅनॉलच्या कडेनं निघायचे. पण आमच्याकडे बाई डोक्यावर ओझं नसताना आणि हातात काही नसताना रस्त्यानं चालली, की लोकांना वाटतं तिची एसटी चुकली. प्रत्येक जण गाडी थांबवायचा. "बसा वहिनी, सोडतो." नको म्हटलं की त्याला वाटायचं, घरात काहीतरी भांडण झालंय. चार जणांना सगळी कथा सांगून झाली तोवर माझा चालण्याचा वेळ संपलेला असायचा. मग जेवण अर्ध्यावर आणलं. त्यानं एवढंच झालं, की कॅन उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली आणि मी आलेल्या-गेलेल्याच्या अंगावर जायला लागले. काटा जागचा हलेना. महिना तसाच वाया गेला. तिकडे भावाचं एकेक डायलिसिस होत होतं आणि इकडे मी भाकरीचे चतकोर मोजत बसले होते. मला रात्रंदिवस असं वाटायचं, की कुठेतरी जायला निघालेय आणि दाराची कडीच निघत नाहीये.

ते तुपाचं डाएट नवऱ्यानं आणलं. एका संध्याकाळी शिफ्टवरून आला, डबा ठेवला आणि म्हणाला, "आमच्या लाईनला एक जण हाय. लय सुटला हुता. आता पँट पट्ट्याबिगर ऱ्हात न्हाई. इचारलं तर म्हनला, तूप खातो."

"काय खातो?"

"तूप. लोणी, पनीर, अंडी, बदाम. भाकरी बंद, भात बंद, साखर-गूळ तर बघायचा बी न्हाई."

सासूबाई माळकरी. त्यांना मी आत्या म्हणते. त्या दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तूप खाऊन कुणी वाळतं व्हय रं? मग आपल्या म्हशीला सरकी घालून वाळवू की."

मी हसले, पण दुसऱ्याच दिवशी त्या माणसाकरवी मोबाइलवर त्या डाएटच्या ग्रुपमध्ये शिरले. रोज सकाळी तिथे एक लांबलचक मेसेज यायचा. त्याचं सार असं: शरीराला साखर आणि धान्य मिळालं की ते तेच जाळतं आणि अंगावरची चरबी तशीच राहते, ते दिलंच नाही तर नाइलाजानं चरबी जाळायला लागतं. म्हणून पोट चांगल्या फॅटनं भरायचं. चांगली म्हणजे घरचं तूप, लोणी, खोबरं, तीळ, जवस, घाण्याचं शेंगदाणा तेल, बदाम, अक्रोड. वाईट म्हणजे पिशवीतलं फरसाण, बेकरीची खारी, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल. ते मला पटलं. मी दिवसातून दोनदा लोकांच्या दुधाची फॅट काढते. दुधात ती जास्त लागली की माणूस छाती पुढे काढून घरी जातो. तिला अंगावर आल्यावरच का शिव्या द्यायच्या?

मी सुरुवात केली. सकाळी बिनसाखरेच्या कॉफीत चमचाभर तूप. दुपारी मेथी नाहीतर पालक, त्यात पनीर, वरून तेलाची धार. संध्याकाळी अंडी. अंडी घरात चालत नाहीत, म्हणून गोठ्यात म्हशींचं पाणी तापवायची चूल आहे तिच्यावर उकडायची, आणि तिथेच म्हशींच्या साक्षीनं खायची. आत्या न बघितल्यासारखं करायच्या. पण चूल विझायला लागली, तर आतून त्यांचाच आवाज यायचा, "जळण सरकीव, कच्ची ऱ्हातील."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, पिंढऱ्यांत गोळे यायचे, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. आणि त्यात सगळीकडे गुऱ्हाळं सुरू. आमच्या भागात थंडीत हवेतच गूळ असतो. शेजारच्या गुऱ्हाळावरून काकवीचा तांब्या आला, तो मी तसाच परत पाठवला. गुऱ्हाळावरून आलेलं परत पाठवायचं नसतं, निदान बोट तरी लावायचं असतं. पुढे कित्येक दिवस त्या घरचं दूध आलं, की किटली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली जायची.

मग एके दिवशी भूकच गेली. खरंच गेली. सकाळचं तूप पोटात पडलं की दुपारपर्यंत आठवणसुद्धा नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, भूक माझी आहे. तेव्हा कळलं, की ती भाकरीची होती. काटा हलला. सरकीपेंडीची पोती मोजायचा काटा केंद्रातच आहे, त्यावर मी सकाळी उभी राहायचे, दुपारी उभी राहायचे, दूध घेता घेता मध्येच उभी राहायचे. दूध घालायला येणाऱ्यांना सवयच लागली. स्वतःची फॅट विचारायच्या आधी माझं विचारायचे, "आज किती भरलं वहिनी?" कमी भरलं असलं तर मी सांगायचे. जास्त भरलं असलं तर सांगायचे, की काट्याचा सेल गेलाय.

आता हे डाएट चांगलं का वाईट, असं मला अजूनही बायका विचारतात. वजन उतरतं, हे मी माझ्या काट्यावर पाहिलंय, तेव्हा खोटं बोलणार नाही. कुत्र्यासारखी भूक मागे लागत नाही, हेही खरं. पण पोट साफ होईना. तोंडाला असा वास यायचा, की बोलताना मी पदर पुढे धरायचे. चिडचिड तर विचारू नका. आणि तो ग्रुप मला आवडला नाही. कोणी काहीही विचारलं, तरी उत्तर ठरलेलं: मीठ वाढवा, पाणी वाढवा, तूप वाढवा. एका बाईनं कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट टाकला आणि विचारलं, हे वाढलंय त्याचं काय? संध्याकाळपर्यंत ती बाई ग्रुपमध्ये नव्हती. मी लिहिलं, मला भावाला किडनी द्यायची आहे, हे खाणं मला चालेल का? त्यावर मला दोन जोडलेले हात आणि एक फूल आलं. दुसरं काही नाही. मी फोन पायरीवर आपटायचाच काय तो बाकी ठेवला होता.

पण मी सोडलं नाही, कारण मला घाई होती. हळूहळू उतरवा, शेंगदाणे मोजून खा, चाला, झोपा, असं सांगणारे शहाणे पुष्कळ होते. त्यांच्यातल्या कोणाचाच भाऊ मशीनवर नव्हता.

मधूनमधून मी शिरूरला जायचे. एकदा डायलिसिस चालू असताना त्याच्या खाटेजवळ बसले होते. भावजयीनं माझ्यासाठी डब्यात पनीरची भुर्जी आणली होती, नुसती. तिनं झाकण उघडलं आणि म्हणाली, "वन्सं, संगट चपाती नसली की मला वाढल्यागत वाटत न्हाई." भाऊ हसला. त्याचा चेहरा पार काळवंडला होता, दंड दोरीसारखे झाले होते, पण खोडी गेली नव्हती.

"आक्का, तू वाळायला लागलीस. तुझी किडनी बी बारकी झाली आसंल बघ. मला फुल साइज पायजे."

"गप पड. मिळंल ती घे."

मग हसू गेलं त्याचं. छताकडे बघत म्हणाला, "नको करू एवढं. दाजींचं घर हाय, पोरं हायती तुझी. मी हाय ह्याच्यावर ऱ्हाईन की."

"किती दिस ऱ्हाशील?"

तो मशीनमध्ये जाणाऱ्या नळीकडे बघायला लागला. आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. त्याला भेटून निघालं, की घरी येईपर्यंत माझा पाय गाडीत नुसता हलत असायचा. पारगावच्या पुलावर नवरा म्हणायचा, "पाय हालवू नगं, मला वाटतं काय तरी सैल झालंय." मी थांबवायचे, आणि चौफुल्यापर्यंत तो पुन्हा हलायला लागायचा.

ऊस तुटून जायच्या सुमाराला करडू उतरलं. पुण्याला जाऊन दाखवून आले. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "छान! कसं केलंत?" मी म्हटलं, "खाणं कमी केलं." आमच्याकडे डॉक्टरला एवढंच सांगतात. त्यांनी विचारलं, "औषधं काही चालू आहेत?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. तूप काय औषध आहे? घरचं खाणं आहे. त्याची चर्चा डॉक्टरपुढे कशाला? त्यांनी मग पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात एक साखरेची. आईला साखर म्हटल्यावर मला तिचा धोका किती, ते आधी बघणं भाग होतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त.

इथे आमची चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांचीच होऊ शकते. आमच्याकडे तपासणी म्हटली की तयारी. बाजारात म्हैस न्यायची असली की आदल्या सांजेला धार काढत नाहीत, म्हणजे सड भरून दिसतात. फॅट वाढून लागावी म्हणून लोक आठवडाभर सरकी जास्त घालतात, शेवटच्या धारेचं दाट दूध नमुन्याला वरच्यावर ठेवतात. रोज कोण काय करून आणतंय, मला किटली बघून कळतं. मी त्यांना रागावते आणि दूध घेते. आता माझ्यावर वेळ आली होती. नवरा म्हणाला, "साखरंची तपासणी हाय, तर चार दिस आनखी कडक कर." आत्या म्हणाल्या, "त्या कांद्यात बी गोडी आसती." मलाही ते पटलं. मी कांदा बंद केला, गाजर नव्हतंच, दूध बंद, दही बंद, शेंगदाणेसुद्धा बंद. तूप, अंडी, पनीर आणि पालक. साखरेचा कणही पोटात जाऊ द्यायचा नाही, म्हणजे मशीनला ती सापडणारच कशी?

तपासणीच्या सकाळी ग्लुकोजचं पाणी प्यायले, तर जीभ भाजल्यासारखी झाली. इतकं गोड मी कित्येक महिन्यांत चाखलं नव्हतं. दुसरं रक्त देऊन बसले. दुपारी तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "दोन तासांची साखर जास्त आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. अशा डोनरला सहसा घेत नाहीत. मॅडम चारला येतील, त्या बोलतील."

मला काही ऐकूच आलं नाही त्यापुढे. इतके महिने मी ज्याच्यासाठी घरादाराशी भांडले, गुऱ्हाळाचा तांब्या परत केला, गोठ्यात बसून अंडी गिळली, त्याचं हे झालं होतं. माझ्या डोळ्यांपुढे भाऊ होता आणि त्याचे ते दंड. त्याला फोन करून काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

चारला वेळ होता म्हणून नवरा मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. आणि तिथे तो बोलायलाच लागला. जन्मात न बोलणारा माणूस, त्यानं उसाच्या तोडीचं सांगितलं, शिफ्टमधल्या कोणाच्या लग्नाचं सांगितलं, मिसळ मागवली, दुसरा पाव मागवला, मला म्हणाला, "तू बी खा आता, काय फरक पडतुया." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच्या कपाळावरची आठी, जी नवरा म्हणून माझ्या ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही केल्यापासून तिथे बसली होती, ती नव्हती. मला ते मुळीच आवडलं नाही. मी उठले आणि मॅडमच्या दारापाशी जाऊन उभी राहिले.

डॉक्टरीणबाई आल्या. कागद चाळता चाळता लघवीच्या रिपोर्टवर थांबल्या. "लघवीत कीटोन दिसतायत, उपाशी माणसाच्या असतात तसे. तुम्ही उपास करता का?"

"न्हाई. पोटभर खाते."

"काय खाता?"

मी सांगायला लागले. कॉफीतल्या तुपापासून ते कांदा सोडला तिथपर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही वेळ माझ्याकडे, मग नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत, पण आवाज करडा झाला.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही औषधाचं इचारलंत."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग नीट समजावून सांगितलं. इतके दिवस धान्य-साखर बंद असली, की शरीर साखर हाताळायची सवय ठेवत नाही. मग एकदम पेलाभर ग्लुकोज ओतलं, तर ते गोंधळतं आणि रक्तातली साखर वर राहते. शेवटचे दिवस आणखी कडक केले, त्यानं ते जास्तच झालं. म्हणजे हा रिपोर्ट माझा खरा रिपोर्ट असेलच असं नाही. "आता नेहमीसारखं जेवा. भाकरी, भात, डाळ, सगळं. गोडधोड नको, पण धान्य पोटभर. आठवड्यानं पुन्हा तपासू. आणि कोलेस्टेरॉल वाढलंय तुमचं. वजन उतरलं, ते चांगलं झालं. पण किडनी देणाऱ्या माणसानं कोणाच्या मेसेजवर जेवायचं नसतं."

"आन् तवा बी जास्त आली तर?"

"तर मी तुम्हाला घेणार नाही," त्या म्हणाल्या. "भावाला वाचवताना तुम्हाला आजारी पाडायला मी बसलेली नाही."

परत येताना पूर्ण रस्ता नवरा गप्प होता. पुन्हा पहिल्यासारखा. यवतच्या पुढे आल्यावर तर मला वाटलं, आता हा म्हणणार, जाऊ दे, कशाला पुन्हा तपासायचं. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. मी तयारी करून बसले होते भांडायची.

घरी पोहोचलो. आत्यांना सांगितलं. त्या पुरणपोळीलाच निघाल्या होत्या, त्यांना आवरलं. मी हात-पाय धुऊन आले तोवर नवऱ्यानं स्वतः कुकर लावला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला कुकर लावताना पाहिला नव्हता. भातात पाणी जास्त झालं होतं. त्यानं ताट घेतलं, भात वाढला, वर वरण घातलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तुपाचं भांडं जवळच होतं, सवयीनं माझा हात तिकडे गेला. त्यानं ते उचलून फडताळात ठेवलं. "भात खा," एवढंच म्हणाला.

पहिला घास मी बराच वेळ चावत बसले. माझा हात थांबला, की त्याची नजर ताटावर यायची. मी खाल्लं. तो आठवडाभर तसाच करत राहिला. सेकंड शिफ्ट असली, तर जायच्या आधी भाकरी मोजून ठेवायचा आणि आत्यांना सांगायचा, "सगळ्या संपल्या पायजेत." काटा थोडा वर चढला. मी काट्याकडे पाठ करून दूध घेत होते.

पुन्हा पुण्याला गेलो. पहिलं रक्त दिलं, ग्लुकोज प्यायले. ते या वेळी नुसतं गोड लागलं. मग आम्ही दोघं त्या लांब बाकावर बसलो. नवऱ्याला बसवेना. उठायचा, भिंतीवरच्या सूचना वाचायचा, पुन्हा येऊन बसायचा. नेहमी हे सगळं मी करते. त्या दिवशी मी गप्प बसले होते आणि तो फिरत होता. शेवटी माझ्याशेजारी येऊन, समोर बघत म्हणाला,

"त्या दिशी तुझी साखर जादा आली, तवा मला बरं वाटलं हुतं."

"दिसत हुतं मला."

"तुला कापायचं न्हाई म्हणून वाटलं. पावण्याचं वाईट चिंतलं न्हाई मी."

"ते बी ठावं हाय."

तो बोटांची नखं बघत राहिला. मी विचारलं, "मग भात कशाला लावलात? म्हनला आसता ऱ्हाऊ दे, तर ऱ्हायलं आसतं."

"तू उपाशी ऱ्हाऊन आली हुतीस. आन् तुझ्या भावाचं काय बरंवाईट झालं आसतं, तर जलमभर तू माझ्याकडं बघून जेवली नसतीस."

"आन् आज काय वाटतंय?"

तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. "आज बी भ्या तेवढंच हाय," तो म्हणाला. "पर नॉर्मल यावी."

तेव्हा मला भीती वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी तूप आणि भाकरी आणि काटा यातच इतकी गुरफटले होते, की एक दिवस मला खरंच टेबलावर झोपवून कुशीत चीर देणार आहेत, याचा विचारच केला नव्हता. चारचौघांत मी कधी त्याचा हात धरलेला नाही. तेव्हा धरला आणि नर्सनं नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. खिडकीतून कागद त्यानंच घेतला, कारण मला उठवेना. त्यानं तो वाचला, मग पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे न येता तिथेच उभं राहून फोन लावला. मला वाटलं, आत्यांना लावला असेल. "पावणं," तो म्हणाला, "तुमच्या आक्काची साखर नॉर्मल आली. आता तुम्ही तयारीला लागा. नगं-बिगं काय म्हणायचं न्हाई आता कुणी." पलीकडून भाऊ काहीतरी बोलत असावा. नवरा ऐकत राहिला, दोनदा "व्हय" म्हणाला. मग तो माझ्यापाशी आला, चालू फोन माझ्या मांडीवर ठेवला, आणि पाणी पिऊन येतो अशी खूण करून जो गेला, तो बराच वेळ परत आला नाही.